खुल्या गटातल्या मामी

मामींविषयी लोक हल्ली फार गोड बोलतात. मागे शिळफाट्यावर एका दुकानाच्या उद्घाटनाला गेले होते. तिथं एक गृहस्थ माइकवरून सांगत होते की मामी म्हणजे मायेचा सागर, घाटातल्या समस्त ड्रायव्हरांची आई. समोरच्या बायकांनी माना डोलावल्या. मी हातातला चहा तसाच ठेवून उठले. हेच गृहस्थ मामी जिवंत असताना त्यांना भांडकुदळ म्हणत, आणि ते अगदी खरं होतं. मामी भांडकुदळच होत्या. त्यांच्या पोटात माया असेलही, पण त्यांनी ती कुणाला उघडून दाखवल्याचं मला आठवत नाही. दाखवला तो राग. माणूस गेलं की त्याचा राग धुऊन काढायचा आणि उरलेल्याला हार घालायचा, ही रीत मला सहन होत नाही. ज्यांच्यावर मामी चिडल्या, त्यांना ती फार सोयीची पडते.

शिळफाट्याच्या थोडं पुढे, हायवेला लागून त्यांचं ट्रकदुरुस्तीचं गॅरेज होतं. पत्र्याची शेड, मागे राहतं घर आणि घराला जोडून एक जादा खोली. त्या खोलीत मी पाच-सहा वर्षं भाडेकरू होते. सगळा हायवे त्यांना मामी म्हणायचा म्हणून मीही म्हणू लागले.

खोपोलीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मला ऑपरेटरची नोकरी लागली ती ऐंशीनंतरच्या पहिल्या काही वर्षांत. माझं गाव कर्जतच्या पलीकडे, आत. पहाटेच्या पाळीला तिथून वेळेत पोचणं शक्य नव्हतं, म्हणून खोपोलीत खोली बघायला लागले. खोल्या पुष्कळ होत्या. आडनाव सांगेपर्यंत सगळ्या रिकाम्या असायच्या, सांगितलं की कालच कुणाला तरी दिलेल्या निघायच्या. एका बाईंनी तर मला पाणी दिलं, चौकशी केली, आणि मग भिंतीवर बुद्धाची तसबीर लावणार का, असं हसून विचारलं. लावणार, म्हटल्यावर त्यांच्या पुतण्याचं लग्न ठरलं आणि खोली त्याला लागली.

मामींनी दोनच प्रश्न विचारले. नळ नीट बंद करतेस का, आणि घरात कुणाला घोरायची खोड आहे का. मी एकटीच राहणार म्हटल्यावर त्यांनी किल्ली हातात दिली. पुढच्या आठवड्यात पलीकडचा पिठाच्या गिरणीवाला त्यांना बाजूला घेऊन खोलीत कोण घेतलंय ते समजावून सांगायला आला. मामींनी ऐकून घेतलं. मग रस्त्याच्या कडेला उभं राहून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, त्यांनी त्याला सांगितलं की आजपासून त्याच्या स्कूटरला या गॅरेजात कुणी हात लावणार नाही. तो वर्षभर स्कूटर ढकलत खोपोलीच्या बाजारात नेत होता. मला वाटलं, आता त्या माझ्याशी दोन गोड शब्द बोलतील. संध्याकाळी आल्या त्या मी तेलाच्या पिंपावर ओला टॉवेल वाळत घातला म्हणून मला झापायला.

मामींचा दिवस रागानं उजाडायचा. ट्रकवर, ट्रकच्या मालकावर, हलक्या मापाच्या बोल्टवर, आणि सगळ्यात जास्त न ऐकणाऱ्यांवर. नऊवारी घट्ट खोचलेली, वरून नवऱ्याचा जुना खाकी शर्ट, अशा अवतारात त्या चालू इंजिनाला लांब पाना टेकवायच्या, दुसरं टोक कानाला लावायच्या आणि डोळे मिटून उभ्या राहायच्या. मग डोळे उघडून ड्रायव्हरला विचारायच्या, "हे कवापासनं वाजतंय? तुजे कान हायत का नुसती भोकं?" घाट उतरून आलेल्या गाडीच्या ब्रेकला जळका वास असला तर त्या आधी ड्रायव्हरचे डोळे बघायच्या. झोप झालेली नसली तर गाडीची किल्ली काढून घ्यायच्या, शेडमधल्या बाजेवर त्याला निजायला लावायच्या आणि तो झोपेपर्यंत त्याच्या मालकाचा उद्धार करत बसायच्या. 'जाऊ द्या' हे दोन शब्द त्यांच्या आवारात उच्चारायची बंदी होती. एकदा नव्या क्लिनरनं चुकून म्हटलं तर त्याला जेवण बाहेर जाऊन करावं लागलं.

त्यांचे यजमान, म्हणजे मामा, अगदी उलट. आयुष्यभर त्यांनी बोरघाटात माल वाहिला, त्यात पाठ गेली, मग गॅरेज काढलं. हळूहळू गॅरेज मामींच्या हातात गेलं आणि चूल मामांच्या. मामा भाकरी फार सुंदर करत. मामी ती उभ्या उभ्या खात आणि मिठावरून बोलत. मला सुरुवातीला मामांची दया यायची. ते म्हणायचे, आवाज चालू आहे तोवर घर ठीक आहे असं समज, ती गप्प बसली की मला सांग.

गाडी चालवायला मामींना मामांनीच शिकवलं होतं, रिकाम्या ट्रकवर, परतीच्या खेपांना. पण त्यांची स्वतःची गाडी होती ती छोटी, मुंबईच्या टॅक्सीला असते तसली. अपघातात चेपलेली ती गाडी मालकानं गॅरेजातच सोडून दिली होती. मामींनी ती सरळ केली, आतल्या गाद्या काढून टाकल्या, आणि एकदा घाटाच्या शर्यतीत घातली.

मुंबईचा एक मोटार क्लब थंडीच्या दिवसांत ही शर्यत भरवायचा. खोपोलीवरच्या जुन्या घाटरस्त्याचा एक तुकडा रविवारी सकाळपुरता बंद करायचे. एकेक गाडी एकटीच खालून सुटायची, वर पोचायची, आणि लागलेला वेळ लिहून घ्यायचे. थर्मास, काळे चष्मे, इंग्रजी, असा सगळा कारभार. मामी पहिल्या वर्षी गेल्या तेव्हा लोकांना गंमत वाटली. छोट्या गाड्यांच्या गटात त्यांचा वेळ पहिल्या दोघांत आला, तेव्हा गंमत कमी झाली. संध्याकाळी बक्षिसं वाटली त्यात त्या गटाच्या यादीत मामींचं नावच नव्हतं. त्यांना बोलावलं ते शेवटी, लेडीज कप घ्यायला.

क्लबचा सेक्रेटरी देखणा, बोलण्यात गोड माणूस होता. तो म्हणाला, "मामी, लेडीज गटात तुम्ही पहिल्या आलात."

"आनि दुसरी कोन आली?" मामींनी विचारलं.

दुसरी कुणी नव्हतीच. तो हसला आणि फोटोग्राफरला हाक मारली.

तो कप मामींनी शेडमध्ये नेऊन त्यात रॉकेल ओतलं आणि नट धुवायला ठेवला. मग सबंध पावसाळा त्यांच्या डोक्यात तेवढं एकच होतं. एका रविवारी त्या क्लबचं नियमांचं पुस्तक घेऊन माझ्या खोलीत आल्या. ते इंग्रजीत होतं. मी वाचून मराठीत सांगत गेले. लेडीज कप सगळ्या छोट्या गटांसाठी मिळून होता. मोठ्या, खुल्या गटात तो नव्हता. तिथं बाई येईल असं कुणाच्या मनातच आलं नसावं. आणि पुढे एका ओळीत होतं की ज्या गाडीला टर्बो बसवला आहे ती, इंजिन कितीही लहान असो, खुल्या गटातच धरली जाईल.

"पुन्ना वाच," मामी म्हणाल्या. मी पुन्हा वाचलं. त्या उठून गेल्या. दुसऱ्या दिवसापासून टर्बोचा शोध सुरू झाला.

हा टर्बो म्हणजे काय ते मला त्यांनीच समजावलं, अर्थातच चिडत. इंजिनातून बाहेर पडणारा धूर वाया जातो. त्याच्या वाटेत एक छोटं चाक बसवायचं. धुरानं ते गरगर फिरतं. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक चाक, ते बाहेरची हवा ओढून इंजिनात दाबून भरतं. हवा जास्त, पेट्रोल जास्त, म्हणजे ताकद जास्त. ट्रकांना तो नुकता येऊ लागला होता. पेट्रोलच्या छोट्या गाडीला लावायचा तर जुळवाजुळव करावी लागणार होती आणि पहिला प्रश्न होता, कुठला लावायचा.

मुंबईच्या भंगारवाल्यांना त्या एक्स्चेंजमधून ट्रंक कॉल लावायच्या, बहुतेक माझ्याच पाळीत. पलीकडून माणूस म्हणायचा, मालिक को फोन दो. त्यानंतर मामींचा जो आवाज चढायचा त्याला माझ्या तारांची काही गरज नव्हती.

शेवटी दोन टर्बो आले. एक मोठ्या ट्रकचा, चांगल्या भोपळ्याएवढा. दुसरा बंदरावरच्या भंगारातून आलेला, कुठल्याशा परदेशी छोट्या डिझेल गाडीचा, दोन मुठींत मावेल एवढा. ते दोन्ही शेडमधल्या लाकडी बाकावर शेजारी शेजारी ठेवलेले होते आणि मामी येता-जाता त्यांच्याकडे अशा बघायच्या की जणू त्यांनी काही गुन्हा केलाय. मोठ्या चाकाचा जोर फार, पण ते जड, त्याला वेग घ्यायला वेळ लागतो. छोटं चाक लगेच फिरायला लागतं, पण इंजिन फार पळायला लागलं की ते पुरं पडत नाही. घाटात वळणामागून वळण. प्रत्येक वळणाला पाय उचलावा लागतो, चाक मंदावतं, आणि वळण संपल्यावर ते पुन्हा जागं व्हायची वाट बघत बसायचं. हे सगळं मामींना कळत होतं. मला सांगितलंच होतं त्यांनी. त्यांचं मन छोट्याकडे झुकलं होतं.

तेवढ्यात सेक्रेटरी एकदा मुंबईहून पुण्याला जाता जाता गॅरेजात डोकावला. त्यानं दोन्ही टर्बो पाहिले, छोटा उचलून तळहातावर तोलला आणि म्हणाला की हा लावलात तर गाडी शिलाई मशीनसारखी वर जाईल, बायकांना शोभेल अशी. तो गेल्यावर मामींनी छोटा टर्बो पोत्यात गुंडाळून माळ्यावर टाकला.

मामा चुलीपाशी होते. ते तिथूनच म्हणाले, "तुला घाट चढायचाय, का त्याला दाखवायचंय?"

"दोनी," मामी म्हणाल्या.

मोठा टर्बो बसवायला त्यांना महिना लागला. बॉनेट बसेना, ते कापलं. इंजिन तापून आतून ठोकल्यासारखं वाजायला लागलं, तेव्हा ते खोलून आतला दाब कमी केला. बसवून झाला त्या दिवशी गाडीचा आवाजच बदलला होता. हायवेवर त्यांनी ती पळवून आणली आणि त्यांच्या चेहऱ्यावर मला पहिल्यांदा हसण्यासारखं काहीतरी दिसलं. सपाट रस्त्यावर ती खरंच भन्नाट जात होती.

घाटात बघायचं म्हणून एका सकाळी आम्ही दोघी गेलो. मला नेलं ते काटा वाचायला. गाडीत दाबाचा एक काटा लावला होता. टर्बो हवा भरायला लागला की तो वर चढायचा. मामींची नजर रस्त्यावर राहणार, म्हणून मी आकडा मोठ्यानं बोलायचा. फोनवर दिवसभर आकडेच बोलायचे असल्यानं ते काम मला जमण्यासारखं होतं.

पहिलं वळण घेतलं. मी शून्य म्हणाले. गाडी चढत होती आणि मी शून्य, शून्य म्हणत होते, आणि मामींचा पाय पूर्ण खाली होता. मग काटा हलला, गाडी पुढे झेपावली, आणि लगेच पुढचं वळण आलं. पुन्हा शून्य. तिसरं वळण अवघड होतं, आतल्या बाजूला डोंगर आणि बाहेर कठडा. मामी चिडल्या होत्या. वळण संपायच्या आधीच त्यांनी पाय दाबला. मी शून्य म्हणाले आणि पुढचा आकडा तोंडातून बाहेर पडायच्या आत काटा टोकाला जाऊन आपटला. वळणाच्या मधोमध सगळी ताकद एकदम आली. गाडीचा मागचा भाग फिरला, दगडी कठड्यावर आदळला, आणि गाडी उलट्या दिशेला तोंड करून थांबली. माझ्या बाजूच्या खिडकीतून खाली खोपोलीतल्या कारखान्यांची छपरं दिसत होती.

"लागलं का?" मामींनी विचारलं.

लागलं नव्हतं. पण मी गाडीतून उतरले आणि मला असा राग आला की तसा त्याआधी कधी आला नव्हता. मी त्यांना म्हणाले की तुम्हाला सगळं ठाऊक होतं. कुठलं चाक घाटात चालतं हे तुम्हीच मला शिकवलंत. एक माणूस फिदीफिदी हसला म्हणून तुम्ही माझा जीव घेत होतात. लोकांना कान नाहीत म्हणता आणि घरात मामा काय म्हणाले ते तुम्हाला ऐकू आलं नाही. मी आणखीही बरंच बोलले. मामी कठड्यावर बसून ऐकत होत्या. मी दम घ्यायला थांबले तेव्हा त्या म्हणाल्या, "बराबर हाय. अजून काय असंल तर बोल."

मी त्यांच्या शेजारी बसले. खालून भरलेले ट्रक चढत होते, हळूहळू, पण एकसारखे, कुठल्याच वळणाला न अडखळता. मामी ते बराच वेळ ऐकत राहिल्या.

घरी गेल्यावर त्या दिवसभर बोलल्या नाहीत. मामांनी दोनदा येऊन मला विचारलं, काय झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी पान्यांचा आवाज आणि शिव्या ऐकू आल्या आणि मामांच्या जिवात जीव आला. मामी मोठा टर्बो उतरवत होत्या. या वेळी शिव्या स्वतःलाच होत्या.

छोटा टर्बो लावून आम्ही त्याच रस्त्यानं पुन्हा गेलो. मी बसायला तयार नव्हते, पण काटा वाचायला दुसरं कुणी मिळेना. वळणातून गाडी बाहेर पडते न पडते तोच काटा वर सरकायला लागायचा, मी आकडे म्हणत जायची, आणि गाडी कुणी पाठीला हात लावून ढकलावं तशी चढायची. फक्त शेवटच्या सरळ पट्ट्यावर तिचा जोर संपल्यासारखा वाटायचा. मी तसं म्हटलं.

"शेवटाला धाप लागनार तिला," मामी म्हणाल्या. "पन तवर मी फुडं गेलेली असंन."

शर्यतीच्या दिवशी क्लबला माइकवर बोलायला माणूस हवा होता. मराठी-इंग्रजी दोन्ही बोलणारी, आवाज स्पष्ट, म्हणून एक्स्चेंजमधून त्यांनी मलाच विचारलं होतं आणि मी रविवारची सुटी बघून हो म्हटलं होतं. त्यामुळे मामींची धाव मी पाहिली नाही. मी खाली मांडवात होते. मामांचा खाकी बॉयलरसूट घालून, पायांच्या गुंडाळ्या करून, त्या गाडीत बसताना पाहिल्या. गाडी सुटली. आवाज वळणा-वळणानं वर गेला, कुठं तुटला नाही. रस्त्याकडेच्या ट्रक ड्रायव्हरांनी शिट्ट्या मारल्या आणि आवळे विकायला वाडीवरून आलेल्या बायका टोपल्या सोडून उभ्या राहिल्या.

वेळ मोजणारे एक वयस्कर गृहस्थ वरून वेळांचा कागद घेऊन आले. खुल्या गटात पहिली एक मोठी परदेशी गाडी होती. दुसऱ्या मामी. तिसरे एक कारखानदार, ज्यांनी मांडव आणि जेवणाचा भार उचलला होता. मी कागद वाचून खूष होते. मग सेक्रेटरी आला, त्यानं पेन्सिलीनं मामींच्या नावावर रेघ मारली, कारखानदारांच्या पुढे दोन लिहिलं आणि मला सांगितलं की मामींना शेवटी लेडीज कपासाठी बोलवा. मी म्हटलं, खुल्या गटाला लेडीज कप नाही, तुमच्याच पुस्तकात लिहिलंय. तो म्हणाला की आपण खास ठेवलाय या वर्षी, एकच बाई आहे, तिला कप मिळाला की झालं, आणि पाहुण्यांचा मान राखायला नको का.

इतक्या वर्षांत मी किती जणांचा आवाज ऐकला असेल. गोड बोलून माणसाच्या तोंडचा घास काढून घेणारा आवाज मला लगेच ओळखू येतो. खोल्या शोधताना तो मी पुष्कळ ऐकला होता.

मी माइक घेतला आणि कागदावर मुळात टाईप केलेलं होतं ते वाचलं. खुला गट, पहिला क्रमांक. खुला गट, दुसरा क्रमांक, आणि मामींचं संपूर्ण नाव, त्यांच्या माहेरच्या नावासकट, कारण नोंदणीत त्यांनी ते तसंच दिलं होतं. आणि वेळ. मराठीत, मग इंग्रजीत. रस्त्याकडून जो गलका झाला त्यात सेक्रेटरीनं माझ्या हातून माइक ओढून घेतला. पण वेळ मोजणारे वयस्कर गृहस्थ तिथंच होते. लोकांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मान हलवून हो म्हटलं. मग इलाज नव्हता. दुसऱ्या क्रमांकाचा कप मामींना द्यावा लागला.

मामी मांडवाकडे चालत येत होत्या त्या तिथंच थांबल्या होत्या. त्यांनी कप घेतला. मला वाटलं, आता तरी चेहरा उजळेल. तो दगडासारखा होता.

परतताना गाडीत त्या म्हणाल्या, "मी येत व्हते ना चालत. मला कळलं व्हतं तो काय करतोय ते. मला बोलायचं व्हतं त्याला, सगळ्यांम्होरं. तू का बोललीस?"

"मी कागदावरचं वाचलं," मी म्हणाले.

"वरीसभर मी ते पोटात धरून ठेवलं व्हतं गं. तू एका मिनटात संपवलंस."

मला इतका राग आला की गाडी गॅरेजात शिरताच मी दार आपटून खोलीत गेले. जिच्यासाठी मी एवढं केलं तिनं हे बोलावं. त्यानंतर आमचं बोलणं बंद झालं. मामा दोघींना वेगवेगळी भाकरी वाढत.

पुढच्या वर्षी क्लबनं नियम बदलले आणि खुला गट फक्त पुरुषांसाठी असं छापलं. मामी मुंबईला जाऊन त्यांच्या ऑफिसात भांडून आल्या. त्याच्या पुढच्या वर्षीही गेल्या. नियम बदलला नाही. मग शर्यतच दुसऱ्या कुठल्या घाटात गेली. गाडी मामींनी विकली नाही आणि शर्यतीतही पुन्हा घातली नाही. बाजाराला जायला वापरायच्या आणि सिग्नलला शेजारी कुणी हसला तर त्याला मागे टाकून जायच्या. हा अन्याय भरून आला असं मी सांगू शकत नाही. तो भरून आला नाही. शेवटच्या दुखण्यात, बोलायला त्रास होत असतानाही, त्या क्लबविषयी चिडूनच बोलायच्या. मी ऐकत बसायची. त्या दिवसांत त्यांना शांत व्हा असं सांगणाऱ्या बऱ्याच बाया भेटायला येत. मी तसं कधी म्हटलं नाही.

पण मला सांगायची आहे ती गोष्ट अबोल्याच्या दिवसांतली आहे.

शर्यतीनंतर दोन-तीन आठवड्यांनी एक्स्चेंजमध्ये मला मेमो मिळाला. परवानगी न घेता बाहेरचं काम केलं आणि सन्मान्य पाहुण्यांचा अपमान केला. तक्रार कुणी केली ते उघड होतं. आमचे सुपरवायझर घाबरट गृहस्थ होते. ते म्हणाले की वर गेलं तर नोकरीवर येईल, माफी लिहून द्या. त्या नोकरीवर माझ्या धाकट्या भावाचं शिक्षण चाललं होतं. मी रात्रभर विचार केला. माफी लिहायला हात होईना, आणि न लिहावं तर काय, तेही कळेना. घरात मी फक्त मामांना सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कानाला हेडफोन लावून बोर्डावर बसले होते. एका कानात पुण्याचा कॉल होता, आणि दुसऱ्या कानात सुपरवायझरच्या खोलीतून मामींचा आवाज यायला लागला. तेलाचे हात, खाकी शर्ट, तशाच आल्या होत्या. तिनं वाचलं त्यातला कुठला आकडा खोटा होता ते मला दाखव, असं त्या विचारत होत्या. आमच्या रांगेतल्या सगळ्या मुली ऐकत होत्या. थोड्या वेळानं मामी निघून गेल्या. सुपरवायझर घाम पुसत बाहेर आले आणि सगळ्यांसमोर मला म्हणाले, मामींच्या तोंडाकडे बघून या वेळी सोडून देतो, पुन्हा असं वागू नका.

पाळी संपेपर्यंत मी जागेवर कशी बसले ते मला माहीत नाही. शेडमध्ये गेले तेव्हा मामी एका ट्रकखाली आडव्या होत्या. मी त्यांच्या पायांशीच बोलायला सुरुवात केली. म्हणाले, मेमो मला आला होता. उत्तर मी देणार होते. आता मी चुकले, आणि तुमच्या भीतीनं मला माफ केलं, असं झालं. तुम्हाला तिथं कुणी बोलावलं होतं?

मामी ट्रकखालून बाहेर आल्या. उठून बसल्या. चिंधीनं एकेक बोट पुसत राहिल्या. मला वाटलं, आता ओरडतील. त्या ओरडल्या नाहीत.

"माजंच चुकलं," त्या म्हणाल्या. मग वर बघून विचारलं, "तो घरी गेला का अजून हापिसात हाय?"

"असेल अजून."

"मग जा की."

मी तशीच वळले. एक्स्चेंजपर्यंत चालत गेले. सुपरवायझर डबा पिशवीत भरत होते. मी त्यांना सांगितलं की मला सोडून द्यायची गरज नाही. मेमो मागे घ्यायचा असेल तर माझ्याकडून चूक झाली नाही असं लिहून मागे घ्या, नाहीतर वर पाठवा, मी वर उत्तर देईन. ते मला बसा म्हणाले. मी उभी राहिले. ते समजावणीच्या सुरात बोलायला लागले, मग थोडे रागावले, मग घड्याळ बघितलं. माझा आवाज कापत होता, तो मी लपवला नाही. शेवटी त्यांनी कागद ओढला आणि चूक आढळली नाही असं लिहून सही केली. नोकरी राहिली. भाऊ शिकला.

परत आले तेव्हा मामांनी एकाच ताटलीत भाकऱ्या रचून ठेवल्या होत्या. मामी भिंतीला टेकून उभ्या राहून जेवत होत्या. मला बघताच मामा उठले आणि काळजीनं विचारायला लागले, काय म्हणाला तो, काय झालं, तू काय बोललीस.

मामींनी त्यांना हातानं थांबवलं.

"नका विचारू," त्या म्हणाल्या. "तिजं हाय ते."